मार्था, पूर्वीची चंपा

आमच्या बिबवेवाडीच्या शेजारीण एस्तरताई निवृत्त नर्स. वर्षभर त्या पणजीची कबर शोधत होत्या. चर्चच्या जुन्या दफन-वह्यांतलं तिरकं इंग्रजी अक्षर त्यांना लागेना, म्हणून मंगळवारी मला बरोबर नेलं.

"तुमचं कॉन्व्हेंट आज तरी कामी येऊ द्या," त्या म्हणाल्या.

घरात पणजीचं नाव चंपा आणि पणजोबा पोपट गवंडी एवढंच ठाऊक, त्यामुळे त्या चंपाच शोधत होत्या. बाप्तिस्म्याला नाव बदलतं, हे स्वतः ख्रिस्ती असून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मला १९०९च्या पानावर ओळ दिसली: मार्था, पूर्वीची चंपा, पोपट गवंड्याची बायको, कबर बहात्तर.

मी गुपचूप पान उलटलं. माझी पणजी गावकुसाबाहेर राहिली आणि तिथेच गेली. तिची राख ओढ्यात गेली, नाव कोणी लिहिलं नाही. यांना मात्र फूल वाहायला जागासुद्धा मिळणार होती.

"नाही ना?" एस्तरताईंनी चष्मा पुसला. "जाऊ द्या. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन. आता फिरणं संपलं."

सासष्ट वर्षांच्या माझ्या डायऱ्यांत एकही खोटी ओळ नाही. त्या रात्री 'सापडलं नाही' असं लिहावं लागलं असतं. मी पान परत मागे उलटलं.

"ही घ्या तुमची पणजी. माझ्या पणजीचं तर नावही ठाऊक नाही," मी तुटकपणे म्हटलं.

दफनभूमीत बहात्तर नंबरच्या कबरीपाशी त्यांनी वाटेत घेतलेली निम्मी शेवंती माझ्या हातात दिली. "तुमच्या पणजीची इथेच ठेवा."

मी ठेवली. हेवा काही गेला नाही. तोही डायरीत लिहिला आहे.