मानेचा फोटोवाला

अमरावतीच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. संत्र्याच्या ट्रकवरून पडून माझ्या मानेतला वरून दुसरा मणका मोडला, तेव्हापासून फोटोला त्याच्याकडेच जातो. या मणक्याला दातासारखं हाड असतं, तेच तुटलंय. तोंड उघडल्याशिवाय ते फोटोत नीट दिसत नाही.

"आ कर कोकण्या, आख्खी सुरमई जाईन असा!" तो ओरडतो.

शाळा लहानपणीच सुटल्यामुळे शिकलेल्यांपुढे मुकाट मान डोलवायची माझी सवय. एकदा तशी डोलवणार, तोच तो खेकसला, "मुंडी नको हलवू, बावा! तोंडानं हव म्हन!" तेव्हापासून मी 'हव' म्हणतो आणि मनातून त्याचे आभार मानतो.

फोटोत काय दिसलं, हे तो कधीच सांगत नाही. डॉक्टरांकडे पाठवतो आणि शीळ घालत पुढच्याला बोलावतो.

आज मात्र पडद्यावरचा फोटो त्यानं पुन्हापुन्हा मोठा करून पाहिला. मग माझ्या गळ्याचा पट्टा स्वतः नीट बसवला, स्ट्रेचर मागवलं आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सोबत आला.

"जुळलं नाही का हो, भाऊ?" मी विचारलं.

"घरून कोनाले तरी बोलावून घे," तो हळूच म्हणाला.