दातांनी ऐकणारा मिस्त्री

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची मोठी शेड आणि मागे एक खोली. खोलीचं दार इतकं बुटकं, की उंच माणूस आत जाताना आपोआप नमस्कार करी. मिस्त्री सांगे, "मुद्दाम बांधून घेतलंय. माणसाने वाकावं." खरं म्हणजे गवंड्याने माप चुकवलं होतं.

त्या खोलीत त्याची थोरली बहीण शिवणयंत्र चालवी. अख्खी गल्ली तिला ताई म्हणे. पुढे भाऊ लोखंड जुळवी, मागे बहीण कापड जुळवी, आणि दोघांच्या कामात सुतभरही फरक चालत नसे.

लहानपणापासून मिस्त्रीचे कान वाहत. चाळिशी ओलांडली आणि दोन्ही कानांनी संप पुकारला. मग गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. ज्याला इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही, तो त्याचं दुखणं काय ओळखणार, असं लोक म्हणत. दोन वर्षं त्याच्या हाती पंक्चर आणि ब्रेकच आले. शेवटी धाकट्या भावाने त्याच्यासाठी दुसऱ्या गावी गोदामात खोकी उचलायचं काम बघितलं आणि शेडला भाडेकरूही शोधला. एक तारखेला शेड रिकामी करायची ठरलं.

ताईने मान डोलावली नाही. "एक इंजिन," ती म्हणाली. "एकच. ते नीट बसलं नाही तर मी स्वतः याला गोदामात सोडून येते."

त्या वेळी मी एका दूधगाडीवर ड्रायव्हर होतो. गाडीचं इंजिन धूर ओकत होतं. ताई थेट आमच्या मालकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

मालक म्हणाले, "ताई, गाडी बिघडवली तर मी गावभर सांगेन."

"सांगा. आणि इंजिन नीट बसलं, तरी गावभरच सांगा."

असं इंजिन उतरलं, उघडलं, दुरुस्त झालं. ते परत बसवायच्या दिवशी सकाळी मालक स्वतः हजर झाले. शेडच्या तुळईला लावलेल्या साखळीच्या कप्पीला इंजिन टांगलेलं होतं. साखळी माझ्या हातात. गिअरबॉक्स गाडीतच होता, खाली जॅकचा टेकू. त्याच्या तोंडातून वीतभर लांब पोलादी शाफ्ट पुढे आलेला, अंगावर उभ्या खाचा. इंजिनाच्या पाठीला क्लचप्लेट, तिच्या भोकातही तशाच खाचा. शाफ्टने त्या भोकातून आरपार जायचं आणि टोकाने पलीकडच्या अंगठीएवढ्या बेअरिंगमध्ये जाऊन बसायचं. ते भोक माणसाला दिसत नाही. सगळं आंधळं काम.

ताई म्हणाली, "सुईत दोरा ओवायचा, एवढंच. फक्त सुई चार माणसांना उचलत नाही."

ती पान्हा घेऊन गाडीच्या पुढच्या अंगाला बसली. इंजिनाच्या पुढचा नट तिने तसूभर फिरवला की आत क्लचप्लेट फिरे आणि खाचेला खाच शोधी. मिस्त्री बोट वर करी, ती फिरवी. मूठ मिटे, ती थांबे. मी साखळी धरून इंजिन मागे लोटत होतो. ते सरकत सरकत आलं आणि बोटभर अंतरावर अडलं.

हलवलं, डोलवलं, पुन्हा मागे घेतलं. अर्धा तास गेला. ते बोटभर अंतर तसंच.

मालकांनी घड्याळ बघितलं. मिस्त्री इंजिन ज्या पायांवर बसतं ते बघायला पुढे गेला होता, आमच्याकडे पाठ करून, एक तळवा मडगार्डवर टेकवून. तेवढ्यात मालकांनी गपचूप इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे दोन बोल्ट घातले आणि एक आवळायला घेतला.

"अहो मालक!" ताई ओरडली. मिस्त्रीला काय ऐकू येणार!

पण तो गर्रकन वळला. "कोण पिळतंय? डावीकडचा, वरचा!"

डावीकडचाच होता. वरचाच होता. मालकांच्या हातून पान्हा खाली पडला.

"अहो, दोन बोल्ट आवळले की येईल ना जवळ!" मालक मोठ्याने म्हणाले.

"ओरडू नका," ताई म्हणाली. "त्याला तुमच्यापेक्षा गाडी जास्त ऐकू येते."

मालकांचे ओठ मिस्त्रीने वाचले असावेत. "ओढून आणलेलं टिकत नाही, मालक," तो म्हणाला. "प्लेट फाटेल, बेअरिंग चिरडेल. शेवटचं बोटभर अंतर त्याने आपल्या पायांनी चालत यायला हवं. बोल्ट असतात ते आलेल्याला धरून ठेवायला."

त्याने बोल्ट काढले. मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक गिअरबॉक्सच्या तोंडावर टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. बोट वर केलं. ताईने नट फिरवला. त्याने टोक बाजूला टेकवलं, मग खाली. पुन्हा बोट वर. शेडमध्ये आम्ही श्वासही बेताने घेत होतो. त्याच्या कपाळावरची शीर मधूनच हलायची, जणू आत कुणी त्याच्याशी हळू आवाजात बोलत होतं.

त्याने दातांतून मूठ काढली. "खाच बसलीय. अडलंय ते टोक. बेअरिंगच्या खालच्या काठावर घासतंय. गिअरबॉक्सचं नाक झुकलंय. मालक, जॅकला पाव फेरा. पावच, हं."

गावातल्या चार गाड्यांचा मालक गुडघ्यांवर बसला आणि त्याने जॅकला पाव फेरा दिला. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर पुन्हा दातांत धरला. ताईने दोन बोटांनी नट हलवला.

आणि इंजिन निघालं. मी लोटलं नव्हतं, शपथेवर सांगतो, माझा हात नुसता टेकलेला होता. एवढं धूड पाण्यावरच्या नावेसारखं मागे सरकलं आणि खट् करून बसलं. हलका आवाज. मिस्त्रीला तो आमच्याआधी कळला असणार, कारण तो तोंड उघडून हसला आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच पायावर पडला.

ताईने कापडाच्या मापाचा कागद सांध्यात घालून बघितला. कागद कुठेच शिरेना.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. क्लच दाबला, पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मिस्त्रीने मला खुणेने बोलावलं आणि स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. मी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ दातांत धरली. बाप रे! सगळं इंजिन माझ्या कवटीत येऊन बसलं. झडपांची टकटक, तेलाची सळसळ, एकेक सिलिंडर वेगळा. दहा वर्षं मी गाडी चालवत होतो आणि आजवर तिच्या दारातच उभा होतो.

मालकांनी माझ्या हातून तो घेतला, धोतराला पुसला आणि दातांत धरला. बराच वेळ धरला. मग ताईला म्हणाले, "दुसऱ्या गाडीचंही इंजिन उतरवायचंय. उद्या आणू का?"

"मला काय विचारता? मिस्त्री तो आहे."

मालक मिस्त्रीसमोर उभे राहिले. एकेक शब्द ओठांनी नीट घडवून त्यांनी विचारलं, "उद्या आणू?"

"उद्या जमायचं नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "धाकट्याकडे जाऊन गोदामाला नाही म्हणून यायचंय. परवा आणा."