चार स्क्रूंचं झाकण

शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, नाना पेचकस लावायचे. पिवळ्या मुठीचा, टोकाला झिजलेला. कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. घरातलं घड्याळ, सुनेचा मिक्सर, नातवाची रिमोटची गाडी, सगळ्यांची झाकणं त्यांनी एकदा तरी काढलेली. जळगावच्या एमआयडीसीत त्यांना पेचकस नाना म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. "म्हणू दे. म्हणणाऱ्याच्या पोटात काय हाये ते मले माहीत हाये," म्हणायचे.

त्यांचा कारखाना विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवायचा. मी धुळ्याची. विक्रीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले, तर माझी प्रमाणपत्रं त्यांनी बाजूला सारली.

"तुले कोनी धाडलं?"

"कोणी नाही. जाहिरात पाहून आले."

"अन् धुळ्यातल्या नोकऱ्या संपल्या का?"

मग एक स्टार्टर माझ्यापुढे ढकलून पेचकस हातात दिला. "उघडून दाखव मले." मी उघडला. एक स्क्रू पडला, तो टेबलाखाली वाकून शोधला. एवढ्यावर नोकरी मिळाली! नाना सगळं उघडून बघतात असं घरी सांगितलं, तर आई अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं उघडीसन देखस का तो म्हतारा? मंग तू संभाळीसन ऱ्हाय, बाई."

त्यांच्या संशयाला कारण होतं. धंद्याच्या सुरुवातीला तांब्याची म्हणून घेतलेली तार आतून अॅल्युमिनियमची निघाली. स्टार्टर जळाले आणि फैजपूरच्या केळीवाल्यांनी भर बाजारात नानांना शिव्या घातल्या. तेव्हापासून आलेली प्रत्येक तार ते ब्लेडने खरवडून बघत. पण म्हणून चहावरसुद्धा संशय? चहावाला बदलला की पहिला कप मला. "नाना, मी मेले तर?" असं एकदा विचारलं. "तर पुन्हा जुन्याकडून मागवू," म्हणाले, अगदी गंभीरपणे. रागही यायचा आणि हसूही आवरायचं नाही.

मग शेतोशेती सोलर पंप आले. फैजपूरचा दुकानदार मला म्हणाला, "ताई, सोलरला स्टार्टर लागतच नाही. कंट्रोलर असला तर आणा." दर हंगामाला मागणी घटत गेली. मी नानांना सांगितलं, तर संशय माझ्यावरच. "तू दुकानात जातेस की बसस्टँडवरूनच परत येतेस?" शेवटी स्वतः माझ्यासोबत आले. केळीच्या बागेत उभे राहिले. पाणी धो धो पडत होतं आणि आमचा स्टार्टर कुठेच नव्हता.

त्यांचा मुलगा गिरीशभाऊ म्हणत होता, धुळ्याजवळ नरडाण्याला शेड घेऊ आणि पुण्याच्या एका कंपनीचे कंट्रोलर जोडायला घेऊ. नाना अडून बसले. "डब्यावर आपलं नाव अन् पोटात त्यायचा माल. आपन नुसते हमाल." नाना हो म्हणाले नाहीत तर कारखान्याला कुलूप लागणार, हे वॉचमनपासून सगळ्यांना दिसत होतं. नानांशी बोलायची हिंमत मात्र कोणात नव्हती.

कंपनीचा माणूस नमुना घेऊन आला. डबा चारही बाजूंनी चिकटवून बंद केलेला. "सर, प्लीज सील तोडू नका, वॉरंटी जाईल." झालं! नानांचा हात खिशाकडे गेला.

"ज्याले झाकण नाही, त्यात कायतरी झाकलेलं असतं," म्हणाले, आणि फटीत पेचकस घालून डबा कडकन फोडला. तो माणूस तणतणत निघून गेला. गिरीशभाऊ डोक्याला हात लावून बसला. मी तर मनातल्या मनात धुळ्याच्या बसमध्ये बसलेसुद्धा.

नाना दुपारभर भिंग घेऊन त्या डब्यावर वाकलेले होते. जेवणाला हात लावला नाही. संध्याकाळी मला आत बोलावलं.

"खोट नाही वं पोरी. लय शोधली. चांगलं बनवलंय मेल्यांनी."

शेजारी आमचा स्टार्टर होता, त्यावरून त्यांनी हात फिरवला. "आता हे गेलं." मला भडभडून आलं. एवढा जन्म फसवणूक शोधण्यात गेला, त्या दिवशी तरी ती सापडायला हवी होती त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. माफी वगैरे काही नाही, थेट अट घातली. "माल तुमचा, डबा आमचा. चार स्क्रूंचं झाकण. शेतकऱ्याले उघडून पाहता आलं पाहिजे." कंपनीने कुरकुर केली आणि मानलं. दुकानादुकानात मी पेचकस काढून झाकण उघडून दाखवायची आणि गिऱ्हाईक आत डोकावून मान हलवायचं. आमच्याकडे नाना एकटेच थोडे होते! नरडाण्याची शेड सुरू झाली. स्टार्टर बांधणारी जुनी माणसं तिथे कंट्रोलर बांधू लागली.

गेल्या वर्षी दसऱ्याला नाना शेडवर आले होते. गाडीत चढणारा एक डबा मी त्यांच्यापुढे ठेवला. पेचकस द्यायची गरज नव्हती, तो त्यांच्या खिशात होता. नानांनी डब्यावर नुसता हात ठेवला.

"तू तपासला?"

"हो."

"मंग राहू दे."

राहू दे? नाना आणि राहू दे? "नाना, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरकडे गेला होता का? काय लपवताय माझ्यापासून?"

नाना हसले. "इतका संशय बरा नाही, पोरी."

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. दुखणं जुनं होतं. घरात कोणालाच त्यांनी ते उघडून दाखवलं नव्हतं.