नदीपर्यंतची गोष्ट

माझी वहिनी अल्विना हिला जाऊन तीन हिवाळे झाले. लोक तिच्याबद्दल आता फार गोड बोलतात. ऐकून मला कंटाळा येतो. ती हट्टी होती. कुणी दिलेली वस्तू तिच्याकडे आठवडाभर टिकत नसे. आणि तिच्या स्वयंपाकघरात मला कधी रिकामी खुर्ची मिळाल्याचं आठवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडायला नको.

अमेरिकेतल्या पाइन रिज या आदिवासी राखीव मुलखात, आमच्या ओढ्याकाठच्या वस्तीत ती माझ्या थोरल्या भावाशी लग्न करून आली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आम्हा लाकोटांत नणंद-भावजयींनी एकमेकींची टर उडवायची हा रिवाजच आहे. दोघी शहाण्यासारख्या बोलायला लागल्या तर लोकांना वाटतं, काहीतरी बिनसलंय. पहिल्याच दिवशी मी तिची भाकरी वाकवून बघत म्हटलं, "ट्यूबला ठिगळ लावायला बरी आहे."

"न्या ना, वन्सं," ती म्हणाली. "तुमच्या दारात अजून कुणाची गाडी थांबत नाही म्हणतात. तुम्हालाच शोधत फिरावं लागणार."

माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. पुढेही झालं नाही. पण तिचं-माझं जमलं ते जमलंच.

लहानपणी आम्हा सगळ्यांना गोऱ्यांच्या वसतिशाळेत नेऊन टाकलं होतं तसं तिलाही टाकलं होतं. केस कापले, आपल्या भाषेत बोललं की तोंडात साबण. हिवाळाभर पोरं तिकडे, आणि आमच्या खऱ्या गोष्टी सांगायच्या त्या फक्त हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना, अंधार पडल्यावर. म्हणजे गोष्टी इकडे आणि कान तिकडे. एका वर्षी अल्विनाला गोवर निघाला आणि तिला घरी पाठवलं. त्या एका आजारपणात तिच्या आजीने जेवढं देता येईल तेवढं तिला दिलं. "गोवर बरा होऊ नये म्हणून मी खरवडत बसायचे," असं ती सांगायची.

मी आमच्या वस्तीच्या शाळेत शिकवत होते, ती त्याच शाळेत स्वयंपाकीण होती. एखाद्या पोराने दुसऱ्याच्या ताटातला पाव उचलला तर मी त्याला कोपऱ्यात उभं करी. ती करत नसे. दुपारी त्याच पोराच्या हातात पावांची टोपली देऊन म्हणे, "आज तू वाढ." सगळ्यांना वाढून झाल्यावर त्याच्यासाठी तिने एक बाजूला ठेवलेला असे. बास, झाली शिक्षा. मला राग येई. तिच्या पद्धतीचा नाही, ती पद्धत चालायची म्हणून.

एकदा मी तिला चांगला लोकरी कोट घेऊन दिला. आठवड्याने तो मला चर्चच्या दारात एका भलत्याच बाईच्या अंगावर दिसला.

"वहिनी, माझा कोट कुठे आहे?"

"तिच्या अंगावर. छान दिसतो ना? ती म्हणाली छान आहे, मग ठेवून कसा घेऊ?"

"मी तुला दिला होता."

"दिला होता ना? मग तुमचं काम झालं. पुढचं माझं."

माझा भाऊ दारूने गेला. त्याच्याबद्दल तिने कधी वाईट शब्द काढला नाही. तो वाटा मी उचलला. तिचा एकुलता मुलगा लेलंड मोठा होऊन चांगला निघाला, आणि मग एका वसंतात मार्टिन गावाच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. त्याची मुलगी डॅनेल तेव्हा पाळण्यात होती. तिला अल्विनाने वाढवलं.

आता त्या गोष्टीबद्दल. हसण्याच्या, लबाडांच्या, प्राण्यांच्या गोष्टी अल्विना हिवाळ्यात सगळ्यांना सांगायची. पण एक लांब गोष्ट होती, तिच्या आईकडची. ती एका वेळी एकालाच द्यायची, आणि घेणाऱ्याने पुढे एकाला द्यायची. गोवराच्या हिवाळ्यात आजीने ती अल्विनाला दिली होती. अल्विनाने लेलंडला दिली. तो गेला आणि गोष्ट परत तिच्या एकटीपाशी येऊन पडली. त्यानंतर किती हिवाळे आले, तिच्या तोंडून ती निघेना. डॅनेलने विचारलं की म्हणे, "पुढच्या बर्फात."

साखरेने तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा पहाटे व्हॅन यायची आणि तिला दूर रक्त धुण्याच्या मशीनवर घेऊन जायची. परत आली की पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडून राही. शेवटच्या वर्षी वसंतात तिने आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, "मला आता ते मशीन नको."

 डॅनेल रॅपिड सिटीला वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, मशीन सोडलेली माणसं किती टिकतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने एवढंच विचारलं, "आणि बाबांची गोष्ट?"

अल्विनाने खिडकीबाहेर पाहिलं. गवत नुकतं हिरवं होत होतं.

"बरं," ती म्हणाली. "बर्फ पडेपर्यंत जाते मशीनवर."

मग उन्हाळाभर ती गेली. हाताच्या शिरा दोरासारख्या झाल्या. आमच्याकडे ऑक्टोबरात बर्फ ठरलेला, पण त्या वर्षी नोव्हेंबर संपत आला तरी उबदार वारा आणि पिवळं गवत. माझा धीर सुटला. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि तिच्यासमोर टेबलावर आपटला.

"कॅलेंडरवर हिवाळा आहे. सांगून टाक."

"उन्हाळ्यात सांगितलं की साप येतात."

"हा उन्हाळा नाही, वहिनी. नोव्हेंबर आहे."

"ते सापांना सांगा. त्यांच्याकडे कॅलेंडर नसतं." तिने रेकॉर्डर उचलून कानाला लावला. "आणि हा हुंकार देतो का?"

"हे यंत्र आहे. ते ऐकतं."

"ऐकतं हे मला कसं कळणार? ऐकणाऱ्याने हं म्हणायचं. हं थांबला की समजायचं, झोपला, आणि आपण थांबायचं. हा तर सुरुवातीपासूनच झोपलेला दिसतो."

मी रेकॉर्डर पिशवीत टाकला आणि तिला सांगितलं की तुझ्या हट्टापायी ती पोरगी रिकाम्या हाताने राहणार. तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "वन्सं, मला काय ते माहीत नाही?"

डिसेंबरच्या मध्यावर एका शुक्रवारी दुपारी आभाळ खाली आलं. मी डॅनेलला फोन केला. सलग दोन पाळ्या करून ती तशीच गाडीत बसली आणि अंधार पडायच्या आत पोचली. तोवर जमीन पांढरी झाली होती. पाठोपाठ वारा सुटला आणि रस्ता बंद झाला. म्हणजे दुसऱ्या दिवशीची व्हॅन येणार नाही हे आम्हा तिघींनाही कळलं. ज्या बर्फासाठी ती थांबली होती, त्यानेच मशीनची वाट बुजवली. 

अल्विनाने वाळवलेलं मांस आणि मका घालून कालवण करायला लावलं. पहिला घास काढून लेलंडसाठी खिडकीत ठेवला. मग स्वतः वाडगाभर प्यायली, वर चोकचेरीच्या रानफळांची खीर.

"पथ्य," मी म्हटलं.

"वाढता का अजून थोडी?" ती म्हणाली.

पाच वाजता काळोख झाला. तिने गोष्ट सुरू केली. वस्तीच्या टोकाला एक विधवा राहायची. रोज सकाळी तिच्या मेलेल्या नवऱ्याचे जोडे तंबूच्या दारात ओले सापडायचे.

"हं," डॅनेल म्हणाली.

कोण घालून जातं म्हणून विधवा एका रात्री डोळे मिटून जागी राहिली.

"हं."

गोष्ट चालली होती. मी कोपऱ्यात विणकाम घेऊन बसले होते. मला तिथे बसू दिलं हीच मेहेरबानी होती. अल्विनाचा आवाज तासभर कुठे थरथरला नाही. थरथरायला लागला तो हुंकार. आधी उशिरा येऊ लागला, मग अर्धा, मग डॅनेलची मान टेबलावरच्या हातांवर गेली.

अल्विना थांबली.

"उठवते तिला," मी म्हटलं.

"हात लावू नका."

"वहिनी, उद्याचं काय सांगता येतं?"

"दोन दिवस झोपली नाही ती. म्हाताऱ्यांचे पाय पुसत होती. झोपू दे."

"मग मला सांग. मी देते हुंकार."

"तुम्हाला देऊन काय करू? तुमच्यामागे कोण आहे, मांजर?" आणि थोड्या वेळाने, "शिवाय तुम्ही मधेच चुका काढाल."

तिने स्वतःच्या पाठीवरची मोठी चांदणी शिवलेली गोधडी काढली आणि मला डॅनेलवर घालायला लावली. स्वतः उघडी बसली. मी आत जाऊन दुसरं पांघरूण आणेपर्यंत ती त्या पोरीच्या केसांकडे बघत होती.

शनिवारी दुपारी तिचे ओठ निळसर दिसायला लागले. जीभ जड झाली. डॅनेलने नाडी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला पुरे झालं. अंधार पडायला अजून तीन-चार तास होते. मी कपाटातली होती तेवढी पांघरुणं काढली आणि खिडक्यांना खिळ्यांनी ठोकली. खोलीत काळोख झाला.

अल्विनाने डोळे उघडले. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही सूर्यालासुद्धा कोपऱ्यात उभं केलंत."

"केलं. सांग आता."

मला वाटलं, नाही म्हणेल. पण तिने डॅनेलचा हात चाचपला.

"कुठवर ऐकलंस?"

"जोडे आपोआप चालायला लागले. ती त्या पावलांच्या मागे गेली. नदी आली. नदी गोठलेली होती. पावलं पार पलीकडे गेलेली."

"बरोबर," अल्विना म्हणाली. "मग तिने बर्फावर पाय ठेवला."

"हं."

"बर्फाखाली पाणी बोलत होतं."

"हं."

"तिने वाकून..."

"हं," डॅनेल म्हणाली.

आम्ही थांबलो. काळोखात तिचा श्वास ऐकू येत होता, मोठा, अंतर ठेवून. डॅनेल म्हणाली, "हं, आजी." थोडं थांबून परत, "हं." मला वाटतं, ऐकणारा जागा आहे हे आजीला कळावं एवढीच तिची धडपड होती. श्वास थांबल्यावरही तिचं ते चालूच राहिलं. मी काही तिला थांबवलं नाही. शेवटी ती आपणच गप्प झाली तेव्हा मी उठून एका खिडकीचं पांघरूण काढलं. बाहेर अजून ऊन होतं, आणि बर्फावर ते डोळ्यांना सहन होत नव्हतं.

वर्षभर दुःख पाळून डॅनेलने तिच्या नावाने घरातलं सगळं वाटून टाकलं, रिवाजाप्रमाणे. त्या चांदणीच्या गोधडीसकट. मी म्हटलं, ती तरी ठेव. डॅनेल म्हणाली, "शाळेच्या आजी, तिने ठेवली असती का?"

गोष्टीचं पुढे काय होतं ते कुणालाच माहीत नाही. कॉलेजातले एक गृहस्थ आले होते. अशा कथांमध्ये बहुधा काय घडतं ते त्यांनी समजावून सांगितलं आणि शेवट जोडून द्यायची तयारी दाखवली. डॅनेलने त्यांना जेवायला वाढलं आणि नको म्हणाली.

आता बर्फ पडला की तिच्या स्वयंपाकघरात वस्तीतली पोरं गोळा होतात. ती हसण्याच्या गोष्टी सांगते. ती लांब गोष्टही सांगते, एकालाच द्यायचा नियम तिने मोडला. म्हणते, अर्धीच आहे, निदान पुष्कळांकडे असू दे. विधवा नदीपाशी येते, पाय ठेवते, पाणी ऐकते, वाकते. तिथे डॅनेल थांबते. पोरं सवयीने "हं" म्हणतात, आणि मग आणखी कुणीतरी म्हणतं, आणि ती तशीच बसून राहते. मीही कोपऱ्यात असते. मीही म्हणते. चुका काढत नाही.