तेलाचा हात

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. कोणी जुन्या केसेस विचारल्या की दरोडे सांगायचो, खून सांगायचो. दोह्यातल्या सायकलीचं नाव काढत नसे. विसरलो मात्र कधीच नाही.

इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर मी कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. विश्वचषकाची स्टेडियमं उभी राहत होती. दोह्याच्या बिन महमूद भागात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आमच्याच कंपनीतले दोन तरुण इंजिनिअर राहत, एक नाशिकचा, दुसरा कोल्हापूरचा. साइटवरच्या एकाच बढतीवर दोघांचा डोळा होता.

खंडेनवमीच्या संध्याकाळी नाशिककराने आपली सायकल पूजेला मांडली. वडीलधारा म्हणून मला बोलावलं. दसऱ्याच्या सकाळी तो झेंडूची फुलं घेऊन परतला आणि तळघराच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. खांबावर आदळून खांद्याचं हाड मोडलं.

वॉचमन माझ्या कानाशी लागला. "साब, कल दोपहर को दूसरा वाला साइकिल उलटी करके ब्रेक खोल रहा था."

मी सायकल ताब्यात घेतली. केबल शाबूत, रबरं नवी, लिव्हर दाबला तर घट्ट. सगळं जागच्या जागी. मग ब्रेक लागला का नाही? काही कळेना.

कोल्हापूरकराला ऑफिसात बसवलं.

"ब्रेकला हात कोणी लावला?"

"मीच सोडलेला की, काका. पंक्चर होतं. ब्रेक सोडल्याशिवाय चाक निघतंय होय?"

"म्हणजे सोडला होतास."

"सोडला, पण परत अडकवला..."

"अपघातानंतर अडकवलास. तिथे पहिला तूच पोचलास."

"काका, काल तुमच्यासमोर आरती म्हटली मी. त्याचं हाड मोडून मला काय मिळणार?"

"बढती."

मी अहवालात लिहिलं, 'ब्रेक सोडल्याची कबुली दिली.' मॅनेजर म्हणाला, "खलास." कोल्हापूरकराला भारतात धाडलं.

नाशिककर हॉस्पिटलमधून आला तो चक्रावलेलाच. "काका, लिव्हर तर नीट दाबला गेला. चाकच धरत नव्हतं."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. चाक उचललं, फिरवलं, ब्रेक दाबला. रबर कडेला टेकलं, तरी चाक फिरतच राहिलं. रिमवर बोट फिरवलं. बुळबुळीत. खोबरेलाचा वास.

ठाण्यात खंडेनवमीला आम्ही बंदुका तेलाच्या फडक्याने पुसून शस्त्रपूजा करायचो. त्या संध्याकाळी तसंच फडकं मी रिमवरून फिरवलं होतं. "चाकं कशी लख्ख हवीत!" असं वर म्हणालोही होतो. जिथे रबर पकडतं, नेमकं तिथेच.

मॅनेजरला सांगितलं, पोराचा दोष नव्हता. तेल कोणाचं, ते गिळलं. "जागा भरली," तो म्हणाला.

लिव्हर घट्ट लागला म्हणजे ब्रेक ठीक, असं धरू नये. चाक फिरवून बघावं, कड कोरडी आहे ना बघावं. माणसाचा जबाबही मी नुसता दाबूनच पाहिला होता.

पुढच्या दसऱ्याला कोल्हापूरला फोन लावला. माफीचं वाक्य तयार होतं. त्यानेच आधी आवाज ओळखला.

"काका! सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आणि त्याचा खांदा बरा आहे न्हवं?"

"बरा आहे," मी म्हणालो. "तूही सोन्यासारखा राहा."

आणि फोन ठेवला.