जठारपेठेतील माजी भाडेकरूंच्या वर्तणुकीबाबत

लिहून देणार : अर्जनवीस, वय पंचावन्न, शिक्षण नववी, राहणार जठारपेठ, अकोला.
लिहून घेणार : आयर्लंड देशातील एक घरमालक, ज्यांचे घर माझी मुलगी, जावई व दोन नातवंडे भाड्याने मागत आहेत.
दिनांक : कोजागिरीनंतरचा पहिला सोमवार.
साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, समोरचे शिंपीकाम करणारे चाचा, ज्यांची मूळ भाडेकरारावर सही आहे.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. तिकडच्या कागदांवर ती आहेतच. इकडे आमचे नात्यांवर भागते.

कारण लिहून देण्याचे की, माझी मुलगी अमरावतीस नर्सचे शिक्षण पूर्ण करून अकोल्याच्या एका रुग्णालयात नोकरीस होती. तिची निवड आयर्लंडातील रुग्णालयात झाली आणि यंदाच्या श्रावणात ती नवरा व दोन लेकरांसह तिकडे गेली. रुग्णालयाने राहण्यास तात्पुरती एक खोली दिली. तिची मुदत आता संपत आली आहे. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. दोघेही अद्याप शाळेविना आहेत, कारण तिकडे शाळा पत्ता मागते, पत्त्यासाठी घर लागते, आणि घर मागच्या घरमालकाचे पत्र मागते.

मागचा घरमालक मीच. त्यामुळे पत्राचा छापील नमुना जावयाने मला फोनवर वाचून दाखविला. भाडे वेळेवर मिळाले काय, घराचे नुकसान केले काय, गोंगाट होता काय, यांना पुन्हा घर द्याल काय. सर्वांत खाली, भाडेकरूशी आपले नाते काय.

"मामाजी, ते खालचं कोरं राहू द्या," जावई म्हणाले.

मी त्यांना समजाविले की, कोरा रकाना म्हणजे अर्धी कबुली. इतकी वर्षे तहसील कचेरीबाहेर बसून मी एकाही पक्षकाराचा रकाना कोरा जाऊ दिलेला नाही. मी तेथे 'भाडेकरू स्त्रीचा जन्मदाता पिता' असे लिहविले. आपले घर भाड्याने देणाऱ्या तिकडच्या दलालाने ते पत्र परत केले. नातलगांची शिफारस चालत नाही, खरोखर घरमालक असल्यास वेगळा खुलासा द्यावा, असे त्याचे म्हणणे पडले. त्या दिवशी इकडे दिवेलागण होत होती, तिकडे दुपार होती. मुलीचा फोन आला.

"बाबा, काहून लिवलं तुमी थे?"

"खरं होतं म्हणून लिवलं."

"त्याले दोन ओळी पायजे होत्या. तुमी वंशावळ देल्ली."

"आता काय पायजे त्याले?"

"खरंच भाड्यानं देल्लं होतं काय, थे लिहून पायजे. अन् बाबा, लहान लिवजा."

"मी मराठीत लिवतो. तू तर्जुमा कर अन् खाली तर्जुमा करणारीची सही कर."

"माहीच तारीफ असन, तं मी सही कशी करू?"

"तारीफ नाही राहणार," मी म्हणालो, आणि फोन पत्नीच्या हाती दिला.

सबब प्रथम हे शाबीत करतो की मी घरमालक होतो.

मुलीला अकोल्यात नोकरी लागली तेव्हा जावयांचे हिशेबनीसाचे काम अमरावतीस होते. ते सोडून ते तान्ह्या नातीसह इकडे आले. आमचा वरचा मजला रिकामा होता. दोन खोल्या, मोरी आणि गच्ची. मी किल्ली पुढे केली. जावई जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे राहिले आणि हातातली पेटी खाली ठेवीनात.

"मामाजी, फुकट राह्यलो तं अमरावतीत मले घरजावाई म्हणतीन. करारनामा करा."

क्षणभर मला वाईट वाटले. मग वाटले, मुलगी योग्य घरी पडली आहे. त्या संध्याकाळी मी जो करारनामा तयार केला तसा मसुदा मी पुन्हा कोणाला लिहून दिलेला नाही. त्यात मी चतुःसीमा घातली, जी भाडेकरारात सहसा कोणी घालीत नाही. पूर्वेस गल्ली व पलीकडे चाचांचे शिलाईचे दुकान. पश्चिमेस शेजाऱ्यांचा कडुनिंब, ज्याची एक फांदी गच्चीवर येते. उत्तरेस गच्ची व पाण्याची सिमेंटची टाकी. दक्षिणेस जिना, जो लिहून देणार व लिहून घेणार या उभयतांच्या सामाईक वहिवाटीचा राहील.

आपल्या घराची चतुःसीमा जावयांनी मला फोनवरून दाखविली आहे. पुढे गवत, मागे गवत, एका अंगास हुबेहूब तसेच घर, दुसऱ्या अंगासही तसेच. घर चांगले आहे. फक्त लेकरू बाहेर खेळून परत येताना नेमके कोणत्या दारात शिरेल, याची मला चिंता वाटली.

साक्षीला चाचांना बोलाविले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला. "जावयाले किरायदार केलं तुमी. उद्या झगडा झाला तं तो सासऱ्याशी भांडन का मालकाशी?"

पत्नी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "कोणाशीबी भांडो, जेवाले खालीच येईन."

तसेच झाले. भाडे दर महिन्याला वेळेवर मिळाले, आणि हा मुद्दा एवढ्यावरच संपतो.

आता गोंगाटाबाबत. होता. लपविण्याचे कारण नाही.

मी रविवारी खालच्या खोलीत आठवड्याचे मसुदे पुरे करीत असे. वर कोण चालत आहे हे मला मान वर न करता कळत असे. मुलीचे पाऊल टाचेवर पडते, जावयांचे घासत येते. नात चालत नसेच, ती पळे. नातू पिठाचा रिकामा डबा दोरी बांधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढी आणि त्याला एस्टी म्हणे. डबा दाराशी थांबला की मी समजे, बडनेरा आले. थोड्या वेळाने तो पुन्हा निघे. असे करता करता अमरावती येईपर्यंत माझा एक अर्ज लिहून होई. सकाळी शाळेची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवी आणि नात एका पायात बूट घालून जिना उतरे. दुसरा बूट वरून तिची आई टाके. तो बहुधा माझ्या अंगणातल्या तुळशीपाशी पडे.

तिच्या शाळाप्रवेशाला मी स्वतः गेलो होतो. अर्जाची भाषा माझी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी लेकराला विचारले, हे आजोबा काय करतात. नात म्हणाली, "आबाजी लोकायचं रडणं लिहून देतात." बाई हसल्या व प्रवेश झाला. माझ्या कामाचे असे वर्णन मी कधी केले नसते, पण ते खोडता येत नाही. आपल्याकडील शाळा लेकराला काहीच विचारीत नाही, केवळ पत्ता विचारते, हे कळल्यावर मला त्या लेकराबद्दल वाईट वाटले. तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

नुकसानीचा तपशील येणेप्रमाणे.

खिडकीची एक सळई वाकलेली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत लेकरे अमरावतीस जावयांच्या आईवडिलांकडे जात. तेथील तालमीत नात मल्लखांब शिकली. परत आल्यावर खांब नाही म्हणून तिने खिडकीच्या गजांवर सराव केला. चाचांनी दुकानातून पाहिले व ओरडले, "अगे पोरी, चोर आतमधी याले धडपडते, तू बाहीर जाले काहून धडपडून राह्यली?" आपल्या आयर्लंडातील गावात लेकरांना शिकण्यास पोहणे आहे, नाच आहे, चेंडू आहे. खांब आहे काय म्हणून तिने तेथे शिकविणाऱ्या बाईंना हाताने खूण करून विचारले, आणि त्या बाईंनी तिला विजेचा खांब दाखविला. आपल्या घरास पुढे झाड असल्यास खिडकीस धोका नाही.

कूलरचा पंप एकदा जळला. नातवाने टाकीत काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. त्याचे म्हणणे असे की त्यांनाही उकडत होते. अकोल्याचा वैशाख ज्याने पाहिला आहे तो या बचावाकडे दुर्लक्ष करणार नाही. आपल्याकडे कूलर नसतात असे कळते.

तिसरी बाब अधिक गंभीर असून ती मी होऊन सांगत आहे. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरात मातीची भुलाबाई मांडतात, रोज सांजेला तिची गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला खाऊ आवाजावरून ओळखतात. शेवटी तिला पाण्यात शिरवितात. गेल्या वर्षी शिरविण्याच्या दिवशी जावई म्हणाले, नदीवर उद्या जाऊ, आज काम आहे. नातीने वाट पाहिली नाही. तिने गच्चीवरच्या टाकीचे झाकण सरकविले आणि भुलाबाईला, तिच्या भुलोबाला व त्यांच्या मातीच्या बाळाला आत सोडले. त्यानंतर ती जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला गढूळ पाणी आले. अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे साठविलेल्या पाण्याची किंमत आपणांस कदाचित समजणार नाही. मी तत्काळ महानगरपालिकेच्या नावे तक्रार लिहावयास घेतली. नागरिकांच्या आरोग्याशी चाललेला खेळ, असे पहिले वाक्य होते. गल्लीतील मंडळींचे पाणी त्या दिवशी स्वच्छ होते, तथापि मजकूर ऐकून सर्वांनी सह्या केल्या. चाचांनी उर्दूत केली. मी शेवटचा परिच्छेद बांधीत असता पत्नी गच्चीवरून खाली आली. तिच्या हातात चहाची गाळणी होती आणि गाळणीत मातीचे एक लहान डोके.

"अर्ज थांबवा," ती म्हणाली. "टाकीत भुलाबाई विरघळून राह्यली."

नातीला समोर उभे केले. नदीत सोडायचे सोडून टाकीत का सोडलेस, असे मी तिला जाबाप्रमाणे विचारले. ती रडली नाही. म्हणाली, "घरच्या माणसाले बाहीर काहून सोडाचं?"

जावई टाकी धुण्यास वर गेले. त्यांच्या मागे सगळेच गेले. चाचांनी दुकान उघडे टाकून बादल्या वर चढविल्या आणि तक्रारीवर सही केलेली निम्मी गल्ली गच्चीवर जमली. नातू टाकीत उतरून नाचला. पत्नीने सर्वांसाठी भजी तळली, तीही शेजारून मागून आणलेल्या पाण्यात पीठ कालवून. तो अर्ज दाखल झाला नाही. त्या दिवशी आमच्या घरात जितकी माणसे होती तितकी त्यानंतर झाली नाहीत. आयर्लंडात टाकी छपराखाली असते असे मुलगी सांगते. तिला कुलूप असावे. भीती म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून लिहितो.

आता शेवटचा रकाना. यांना पुन्हा घर द्याल काय.

येथून पुढचा मजकूर तर्जुमा करताना गाळू नये, ही तर्जुमा करणारीस सूचना.

श्रावणापासून वरचा मजला बंद आहे. बँकेतील एक जोडपे तो पाहण्यास आले होते. रंगकाम चालू आहे, असे मी त्यांना सांगितले. रंगकाम चालू नाही. गेल्या आठवड्यात जावई फोनवर म्हणाले की, दिवाळीपर्यंत घर मिळाले नाही तर ते दोन्ही लेकरांना घेऊन अकोल्यास परत येतील, नातीला जुन्या शाळेत घालतील, आणि मुलगी तिकडे एकटी राहून नोकरी करील.  दुसऱ्या सकाळी पत्नी केरसुणी घेऊन वर गेली व दोन्ही खोल्या झाडून आली. मीही कचेरीला जाताना शाळेवरून गेलो. वर्गात जागा आहे, असे बाई म्हणाल्या.

म्हणजे आपण घर नाकारल्यास माझा फायदा आहे. पुन्हा माझ्या डोक्यावर डबा ओढला जाईल आणि तुळशीपाशी बूट पडेल. असे असूनही मी सांगतो की यांना घर द्यावे. माणसे प्रामाणिक आहेत. मोडले तर सांगतात. लेकरे आवाज करतात, पण तो घरात माणसे असल्याचा आवाज आहे. माझी मुलगी दिवसभर परक्या आजाऱ्यांची सेवा करून येईल तेव्हा तिला दार उघडण्यास आतून कोणीतरी धावत यावे. रिकाम्या खोलीचे कुलूप स्वतः काढणे काय असते, ते मला ठाऊक झाले आहे.

कचेरीबाहेर बसून मी एक गोष्ट शिकलो. आपल्या बाजूच्या लाभाचे बोलणारा साक्षीदार कितीही गोड बोलला तरी त्याची उलटतपासणी होते. जो स्वतःचे नुकसान करून घेऊन बोलतो, त्याला सहसा कोणी दुसरा प्रश्न विचारीत नाही. नात्यामुळे माझी साक्ष कमी प्रतीची ठरविण्यात आली. माझे म्हणणे असे की, नात्यामुळेच ती वरच्या प्रतीची आहे. याचा न्याय आपण करावा.

तरी विनंती की, वरील खुलासा ग्राह्य धरून घर उपरोक्त कुटुंबास देण्यात यावे आणि निर्णय लेखी कळविण्यात यावा. त्यांना अद्याप पत्ता नसल्याने पत्र माझ्या पत्त्यावर पाठविल्यास हरकत नाही. होकार असल्यास तो मुलीस मात्र फोनवर लगेच सांगावा. माझ्या पत्राची घाई नाही. ते हाती पडेपर्यंत वरचा मजला कोणास देण्याचा विचार मी करणार नाही.

लिहून देणार, सही.
साक्षीदार दोन, सही, उर्दूत.
साक्षीदार एक, अंगठा नव्हे, सही. तिने वाचून केली, आणि मग वर गेली.