सविताचा फोन

जामखेडजवळच्या एका गावातली सत्यशीला स्वमग्न आहे. तिशी उलटली तरी मोजकंच बोलते, म्हणून लोकांना वाटतं तिला माया नाही. तिची एकच मैत्रीण, भावजय सविता, ऊसतोडीला कोपरगावकडे गेली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. एके दिवशी आलाच नाही. सत्यशीला जेवली नाही; कान झाकून अंगणात येरझारा घालत राहिली.

"मोबाईल बंद पडला आसंल गं," आई मालनबाई विनवत होती.

दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला.

"वन्सं, माजा मोबाईल पान्यात पडला. हा शेजारनीचा हाय. लई भ्यालात का?"

सत्यशीलाने फोन कानाशी घट्ट धरला.

"न्हाई बोललात तरी चालंल. मी भाकरी थापते, तुमी आयका."

ती भिंतीला टेकून थापण्याचा आवाज ऐकत बसली.